गोव्याच्या सह्याद्रीत एका दिवसाची पायपीट: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

फोंड्याहून पूर्वेला गाडी काढली की तासाभरात खाऱ्या वाऱ्याचा मागमूसही उरत नाही. तरी आपल्यातल्या कितीतरी घरांत रविवार म्हटला की समुद्रच आठवतो. गोव्याची पूर्वेची सगळी कड सह्याद्रीची आहे. सोंसोगड आणि मोर्लेगड हजार मीटरांच्या वर जातात, वाघेरी सातशेच्या पुढे. म्हादई अभयारण्य २०८ चौरस किलोमीटर, नेत्रावळी २११, मोले राष्ट्रीय उद्यानासह भगवान महावीर अभयारण्य २४०, खोतीगाव ८६ आणि चिमुकले बोंडला ८. बेरीज केली तर राज्याचा पाचवा हिस्सा भरतो. एवढे रान दाराशी असून आपल्या मुलांना शेकरू फक्त पुस्तकात दिसावे, याचे मला मनापासून वाईट वाटते. म्हणून हा लेख.

गिर्यारोहणाचा अनुभव नसलेल्या, पण दोन-तीन तास चालू शकणाऱ्या कुणालाही एका दिवसात करता येतील अशा वाटांबद्दलच मी लिहितो आहे. दोर, तंबू, मुक्काम यांतले काही लागत नाही. लागते ती आदल्या रात्रीची तासभर तयारी. सोपी वाट कोणती, हे मी किलोमीटरवरून ठरवत नाही. जिथून चार वाजायच्या आत गाडीपाशी परत येता येते आणि मध्ये पाणी वाढले तरी आपण पलीकडे अडकत नाही, ती वाट सोपी. बाकीच्या सगळ्या सूचना याच दोन गोष्टींतून निघतात.

आधी महिना ठरवा

डिसेंबर ते फेब्रुवारीचा मध्य हा सर्वांत भरवशाचा काळ. पहाटे गारवा असतो, व्हाळ म्हणजे ओढे गुडघ्याखाली आलेले असतात, गवत वाळून वाट मोकळी झालेली असते. उंचीबरोबर हवा साधारण दर हजार मीटरला साडेसहा अंशांनी थंड होते. चोर्ला घाटाच्या माथ्यावर, सत्तरीतल्या सुर्लला, जानेवारीच्या सकाळी मुलांना स्वेटर लागतो. गोव्यात स्वेटर कशाला, म्हणून तो घरी ठेवू नका.

ऑक्टोबर-नोव्हेंबर दिसायला अधिक सुंदर. सडे म्हणजे डोंगरावरची उघडी पठारे हिरवी असतात, सप्टेंबरची फुले थोडी रेंगाळलेली असतात, वझर म्हणजे धबधबे अजून वाहते असतात. पण ऑक्टोबरचे ऊन दमट आणि बोचरे. दहानंतर उघड्या सड्यावर चालणे म्हणजे तव्यावर चालणे. या महिन्यांत झाडीतलीच वाट निवडा.

मार्चपासून मे अखेरपर्यंत मी लहान मुलांना घेऊन जात नाही. पाण्याच्या जागा आटतात, जनावरे उरलेल्या पाण्याभोवती गोळा होतात आणि वणव्याची भीती असते. २०२३ च्या मार्चमध्ये म्हादईसह गोव्याच्या कितीतरी डोंगरांवर दिवसेंदिवस आगी धुमसत होत्या, त्या आपण सर्वांनी पाहिल्या. त्या दिवसांत काडेपेटी पिशवीत असूच नये.

आता पावसाळा. माझ्याकडे सगळ्यांत जास्त विचारणा जून ते सप्टेंबरची होते, कारण सगळ्यांना वझर पाहायचे असतात. इथे थोडे थांबून समजून घ्या. आपले व्हाळ घाटमाथ्यावरून येतात. तुम्ही खाली उभे आहात, डोक्यावर ऊन आहे आणि वर कर्नाटकच्या बाजूला ढग फुटला आहे, अशी स्थिती नेहमीची. पाणी आधी गढूळ होते, मग त्यावर पालापाचोळा आणि काटक्या दिसू लागतात, आवाज जड होतो. ही तीन लक्षणे दिसल्यावर हातात फारच थोडा वेळ असतो. सामान उचलायला न थांबता काठ चढायचा. २०२३ च्या जुलैत नेत्रावळीतल्या मैनापीच्या वझरावर दोन जण बुडाले, त्यानंतर वन खात्याने अभयारण्यांतल्या वझरांवर जाणे बंद केले होते. त्यामुळे पावसाळ्यात निघण्याआधी त्या त्या अभयारण्याच्या कार्यालयात विचारून घेणे ही पहिली पायरी. बंदी असेल तर चोरवाटेने जाऊ नये, एवढेच मी म्हणेन. आणि बंदी नसली तरी कोंडीत, म्हणजे डोहात, उतरू नये. वझराखालच्या कोंडीत वरून शांत दिसणारे पाणी खाली भोवरा धरून असते आणि शेवाळलेल्या खडकावर हाताला पकड मिळत नाही.

कुठून सुरुवात करावी

पहिल्या दिवसासाठी मी चंद्रनाथ पर्वत सुचवतो. मडगावहून केप्याकडे जाताना पारोड्याला हा साधारण साडेतीनशे मीटर उंचीचा डोंगर एकटाच उभा दिसतो. माथ्यावर चंद्रेश्वर भूतनाथाचे देऊळ. गाडीरस्ता जवळजवळ वरपर्यंत जातो, आणि म्हणूनच तो पहिल्या खेपेला चांगला: वाट चुकण्याची भीती नाही, कुणी दमले तर त्याला गाडीने उतरवता येते. पायथ्यापासून चालत चढा आणि स्वतःला मोजा. किती वेळात धाप लागली, बूट कुठे चावला, किती पाणी संपले, हे वहीत लिहा. पुढच्या प्रत्येक वाटेचा हिशेब या नोंदीवर बसतो. पौर्णिमेच्या चांदण्यात इथल्या लिंगाला पाझर फुटतो अशी श्रद्धा आहे. देवळाच्या आवारात खाण्याचे डबे उघडू नयेत.

दुसरी खेप खोतीगावची. काणकोणच्या या अभयारण्यात माहिती केंद्रापासून आखलेल्या निसर्गवाटा आहेत, उंचावरचा पाहणी मनोरा आहे आणि चढ फारसा नाही. सात-आठ वर्षांच्या मुलांना घेऊन जायला मला याहून बरी जागा माहीत नाही. जनावरे दिसतीलच असे नाही, पण ठसे, विष्ठा, सालीवर घासलेल्या शिंगांच्या खुणा दिसतात. मुले एकदा त्या वाचू लागली की ‘अजून किती राहिले’ हा प्रश्न बंद होतो.

तिसरी तांबडी सुर्लची. कदंबकाळातले महादेवाचे देऊळ सगळ्यांनी पाहिलेले असते. ते ज्या काळ्या दगडात घडवले आहे तो इथला नव्हे, घाटापलीकडून आणलेला. इथल्या जांभ्याच्या भूमीत तो दगड हाताने चाचपून पाहा, मग त्या कारागिरांनी घाट कसा उतरवला असेल हा विचार वाटभर सोबत करतो. देवळामागच्या रानातून वझराकडे जाणारी पायवाट व्हाळ ओलांडत जाते. म्हणून ही वाट डिसेंबरनंतरची, वाटाड्यासोबतची. पाणी ओलांडताना बूट काढायचे नाहीत. ओले बूट चालतात, अनवाणी पाय निसरतो. पाठपिशवीचा कमरेचा पट्टा मात्र सोडून ठेवायचा, म्हणजे पडलोच तर पिशवी चटकन टाकता येते.

नेत्रावळीला सावरीचा वझर मैनापीपेक्षा सोपा. वाटेत गोपीनाथाच्या देवळापाशी बुडबुड्यांची तळी आहे, तिथे दहा मिनिटे काठावर बसा. तळातून अखंड बुडबुडे वर येत असतात. त्याच रस्त्याने वर वेर्ल्याला गेलात तर डोंगराच्या कुशीत वसलेला गाव भेटतो. गावकऱ्यांकडे आधी सांगून ठेवले तर जेवणाची सोय होते का, विचारा. घरच्या भाताची आणि कुळथाच्या पिठीची चव डोंगर उतरून आल्यावर वेगळीच लागते.

वाघेरी, मोर्लेगड आणि सोंसोगड या यादीत मी मुद्दाम घालत नाही. वाघेरी केरीच्या अंजुणे धरणावरून इतकी जवळ दिसते की मोह होतो. पण चढ खडा, रान दाट आणि परतीला अंधाराची भीती. चार-पाच सोप्या वाटा पायाखाली घालून मग गावातल्या माणसाबरोबर जा. केरीला गेलातच तर आजोबाची राय पाहा. देवराईत चप्पल बाहेर काढतात, आतले पान की फूल तोडत नाहीत. नानोडे-बांबरची निरंकाराची राय तर पाण्यात उभ्या रानजायफळाची. झाडांची मुळे गुडघ्यासारखी वाकून चिखलातून वर आलेली असतात, श्वास घेण्यासाठी. अशा दलदली आता फार थोड्या उरल्या आहेत, त्यामुळे तिथे चिखलात पाय घालायचा नाही, काठावरूनच पाहायचे.

परवानगी आणि वाटाड्या

अभयारण्यात शिरताना नाक्यावर नोंद करून शुल्क भरावे लागते. आदल्या दिवशी कार्यालयात फोन करून तीन गोष्टी विचारा: वाट उघडी आहे का, आत किती वाजेपर्यंत सोडतात, वाटाड्या सोबत लागतो का. नियमाने लागत नसला तरी घ्या. त्याची मजुरी आधी ठरवा आणि रोख न्या, आत पैसे पाठवायला मोबाइलला रेंज नसते.

वाटाड्या का, याचे माझ्या मनात कोरलेले एक उत्तर आहे. सप्टेंबरअखेरीस आम्ही सहा जण सत्तरीतल्या सुर्लच्या सड्यावर होतो, शेजाऱ्यांची बारा वर्षांची मुलगीही सोबत होती. नऊ वाजता लख्ख ऊन होते. सव्वानऊला दरीतून धुके वर आले आणि पाच पावलांवरचा माणूस दिसेना. गवताच्या प्रत्येक टोकावर पाण्याचा मणी, शर्टाची बटणे ओली, आणि वझराचा आवाज एकाच वेळी चारी बाजूंनी येत होता. मला पक्की खात्री होती की वाट डावीकडे आहे. मी दोन पावले टाकलीही. सोबतचे वाटाडे गावकर काका खाली दगडावर बसले आणि एवढेच म्हणाले, “धुकें देंवलें जाल्यार बसून रावचें, चलचें न्हय.” आम्ही पाऊण तास बसलो. धुके उठले तेव्हा डावीकडे तीसेक पावलांवर सडा संपत होता, खाली सरळ दरी होती. त्या मुलीचा हात मी तेव्हा किती घट्ट धरला होता, ते तिच्या मनगटावर दिसत होते. तेव्हापासून धुके आले की बसायचे, हा आमच्या गटाचा नियम आहे. त्यावर चर्चा होत नाही.

दूधसागरबद्दल एक स्पष्ट सांगतो. रुळांवरून चालत जाणे हा रेल्वे कायद्याच्या १४७ व्या कलमाखाली गुन्हा आहे, आणि बोगद्यात गाडी आली तर बाजूला व्हायला जागा नसते. पावसाळा संपल्यावर कुळ्याहून जीप सुरू होतात, त्यांनी जा.

परतीची वेळ घरीच लिहा

या लेखातले एकच काही लक्षात ठेवायचे असेल तर हे ठेवा. डिसेंबरात आपल्याकडे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, पण पूर्वेच्या दरीत डोंगराची सावली चारलाच पडते आणि दाट झाडीत साडेपाचला पाऊल दिसत नाही. म्हणून गाडीपाशी परत यायची वेळ चार धरा आणि तिथून मागे मोजत या.

आपल्या हवेत मुलांसह चालणारा गट रानवाटेवर तासाला दोन ते अडीच किलोमीटर जातो, याहून जास्त धरू नका. दर शंभर मीटर चढाला वीस मिनिटे वेगळी. उतरायला चढण्याइतकाच वेळ धरा, कारण दमलेले गुडघे आणि घसरडी माती वेग खातात. समजा जायला तीन किलोमीटर आणि दोनशे मीटर चढ आहे. चालायचे दीड तास, चढाचे चाळीस मिनिटे, वाटेतल्या थांब्यांचे वीस: झाले अडीच तास. परतीला तेवढेच, वर जेवण-विश्रांतीचा तास. एकूण सहा तास. आठला चालू लागलात तर दोनला गाडीपाशी, आणि हाताशी दोन तास शिल्लक. ही शिल्लक लचकलेल्या पायासाठी आहे, फोटोंसाठी नाही.

आता याच हिशेबातून परत फिरायची वेळ काढा. वरच्या उदाहरणात साडेअकरा. साडेअकराला ठिकाण शंभर पावलांवर असले तरी परत फिरायचे, असा निर्णय आदल्या रात्री घरी घ्यायचा आणि कागदावर लिहायचा. तिथे उभे राहून घेतलेला निर्णय नेहमी ‘आलोच आहोत तर’ या बाजूला झुकतो. कागदाची एक प्रत घरी राहणाऱ्या माणसाकडे द्या: कोणती वाट, कोण कोण, गाडीचा नंबर, वाटाड्याचा गाव आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर काळजी करायची.

पिशवीत काय

माणशी तीन लिटर पाणी. हे जड वाटते, पण त्यात कपात करू नका. एका बाटलीत मीठ-साखर घाला किंवा कोकमाचे आगळ मिठासह न्या, घामातून गेलेले मीठ त्याने भरून येते. खायला चपाती-भाजी, उकडलेली रताळी, नाचणीचे लाडू, केळी. पाव सकाळचा असला तरी दुपारी कोरडा घशात अडकतो. वेफर्सची पाकिटे नकोत, तहान वाढते आणि कचराही.

बुटांवर मात्र थोडे लिहितो, कारण आमच्याकडे जखमा बहुतेक पायांच्याच होतात. जांभ्याच्या सड्यावर वाटाण्याएवढे गोल खडे सुटे पडलेले असतात, उतारावर त्यांवर पाय पडला की काजूच्या बियांवर पडल्यासारखा निसटतो. गुळगुळीत तळाचे धावायचे बूट इथे कामाचे नाहीत. तळाला खोल खाचा हव्यात आणि बूट अर्धा नंबर मोठा हवा, नाहीतर उतरताना बोटे पुढे आपटून नखे काळी पडतात. नवे बूट घेतले तर आधी आठवडाभर बाजारात घालून फिरा. उतारावर टाच रोवण्यापेक्षा गुडघे किंचित वाकवून सगळा तळवा टेकवा, पावले छोटी टाका.

अंगात पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, लांब पँट, पायमोजे पँटवर ओढलेले. पावसाळ्यात जळवांसाठी मोज्यांवर तंबाखूची पूड चोळतात, ते उपयोगी पडते. जळू लागलीच तर ओढू नका, नखाने बाजूने सरकवा. याशिवाय विजेरी, शिट्टी, क्रेप पट्टी, रोजची औषधे, मोबाइलमध्ये आधीच उतरवून ठेवलेला नकाशा आणि कचऱ्यासाठी रिकामी पिशवी. दारू नाही.

चालताना

वाटाड्या पुढे, सगळ्यांत सावकाश चालणारा त्याच्या मागे, सगळ्यांत अनुभवी शेवटी. वेग दुसऱ्या क्रमांकाच्या माणसाचा. असा क्रम लावला की कुणी मागे पडत नाही आणि कुणाला ओशाळवाणे वाटत नाही.

गवारेडा समोर आला तर थांबा, नजर न रोखता हळूहळू मागे सरा आणि झाडाआड व्हा. एकटा नर असेल तर अंतर आणखी वाढवा. वाघाचा वावर इथे आहे. २०२० च्या जानेवारीत म्हादईतल्या गोळावलीला एक वाघीण आणि तिचे तीन बछडे विषाने मेलेले सापडले, आणि हे रान कुणाचे घर आहे ते सगळ्या गोव्याला कळले. सत्तरीत वाघाला देव मानणारी गावे आहेत, त्यांच्या वाटेवरून आपण चालतो आहोत. आवाज कमी ठेवा. कड्यावर आग्या मधमाश्यांची पोळी लटकलेली दिसली तर धूर, अत्तर आणि आरडाओरडा तिन्ही टाळा. हात ठेवण्याआधी फांदी पाहा, कारण हिरवा किंवा तपकिरी चापडा हा विषारी साप तासन्‌तास हलत नाही.

पहाटे व्हाळाच्या काठी कुणी माणूस शीळ घालतो आहे असे वाटले तर थांबून ऐका. तो शीळकरी कस्तुर. त्याची शीळ सुरुवातीला सूर शोधत असते, मग सापडतो.

काही झालेच तर

साप चावला तर जखम कापू नका, चोखू नका, दोरीने आवळू नका. चावलेला अवयव काठी बांधून हलणार नाही असा ठेवा, अंगठ्या-कडी काढा, माणसाला चालवू नका, उचलून आणा. रेंज येईल तिथून १०८ लावा. प्रतिविष सरकारी रुग्णालयात मिळते, त्यामुळे कुणाच्या झाडपाल्यासाठी वाट वाकडी करू नका. साप मारून सोबत आणायची गरज नाही, डॉक्टर लक्षणांवरून उपचार करतात.

उन्हाने भोवळ आली, घाम थांबला, बोलणे असंबद्ध झाले तर सावलीत निजवून मानेवर, काखेत, जांघेत पाणी ओता आणि वारा घाला. शुद्धीत नसेल तर तोंडात पाणी घालू नका. वाट चुकली तर आहात तिथे थांबा आणि तीन-तीन शिट्ट्या द्या. व्हाळ धरून खाली उतरू नका, आपल्याकडचे व्हाळ कड्यावरून उडी घेतात.

घरी आल्यावर

हा भाग सगळे विसरतात. सत्तरीतल्या काही गावांत २०१५ पासून माकडतापाचे रुग्ण सापडले आहेत. हा ताप रानातल्या गोचिडीच्या चाव्यातून येतो आणि पावसाळ्यानंतरच्या कोरड्या महिन्यांत, काजूच्या हंगामात त्याचा जोर असतो. गोचिडीचे पिल्लू तिळाहून बारीक असते. म्हणून घरी पोचल्यावर कपडे थेट गरम पाण्यात टाका, साबणाने आंघोळ करा आणि कानामागे, काखेत, गुडघ्यामागे, कमरपट्ट्याच्या जागी एकमेकांना नीट तपासा. चिकटलेली सापडली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा, चिरडू नका. वाटेत मेलेले माकड दिसले असेल तर त्याला हात न लावता वन खात्याला आणि जवळच्या आरोग्य केंद्राला कळवा. पुढच्या दहा दिवसांत अचानक मोठा ताप, डोकेदुखी, अंगदुखी आली तर डॉक्टरांना ‘मी रानात गेलो होतो’ हे पहिल्यांदा सांगा.

बूट वर्तमानपत्र कोंबून सावलीत वाळवा. वहीत निघाल्याची, पोचल्याची आणि परतल्याची खरी वेळ लिहा, लिहिलेल्या हिशेबापेक्षा किती फरक पडला तेही. आणि ज्याच्याकडे कागद ठेवला होता त्याला आंघोळीआधीच फोन करा, तो घड्याळाकडे पाहत बसलेला असतो.